शेजारच्या खोलीतली हलगी

"ही कुस्ती कुणी लावली?"

शेजारच्या दारावर घालायला मी मूठ उचलली होती. वस्तादांनी मागून विचारलं.

"कुठली कुस्ती?"

"आत्ता लढायला निघालास ती. तुझी जोड उद्या मैदानात हाय. ही कुणी लावली?"

दारामागं हलगी कडाडत होती. तिच्याबरोबर घुमकं, घुमक्याबरोबर कैताळाची झांज. लॉजचा बोळ अरुंद. आवाज एका भिंतीवर आपटून दुसरीवर जात होता.

"झोपू देत न्हाईत, वस्ताद."

"मग?"

"मग सांगतो त्यांना."

"मुठीनं?"

मूठ मी खाली घेतली नाही...

आमचे वस्ताद म्हणजे दस्तगीर वस्ताद. गावातली तालीम त्यांच्या जिवावर उभी आहे. दोन्ही कान मातीत घासून घासून मिटलेले, वाळल्या अंजिरासारखे. बोलतात थोडं. तालमीत त्यांनी खाकरलं तरी पोरांच्या बैठका वाढतात.

मी मॅनेजरकडं आधीच जाऊन आलो होतो. तो काउंटरवर बसून चणे खात होता. म्हणाला, "पैलवान, आज यात्रा हाय. आज गावात देवसुद्धा झोपला न्हाई, मी कुणाला गप करू?"

वर म्हणाला, "कमिटीनंच दोन्ही खोल्या घेतल्यात. एक हलगीवाल्यांना, एक तुम्हाला. तुमचं तुम्ही बघा."

म्हणून मूठ.

"तुम्हाला काय, वस्ताद," मी चिडून म्हणालो. "तुमचे कान मिटल्यात."

"मिटल्यात म्हणून कमी ऐकू येतंय व्हय रं?"

...

मला झोप हवी होती. त्या रात्री झोपेवर सगळं अडलं होतं.

गेल्या यात्रेला ह्याच मैदानात माझा थोरला भाऊ लढला. धैर्यशील मगदूम. समोर भूपाल नावाचा पैलवान, दारातून आत यायला वाकावं लागेल असला. अंधार पडला, मैदानातल्या लोकांनी गाड्यांचे दिवे लावले, तरी कुणाची पाठ मातीला लागली नाही. शेवटी पंचांनी दोघांचे हात वर केले आणि तिथंच पुकारलं, पुढल्या यात्रेला हीच जोड.

पुढली यात्रा आली. दादा आला नाही.

रस्त्यात अंधारात उसाची ट्रॉली उभी होती. मागं दिवा नव्हता. दादा मोटरसायकलवर होता. एवढंच लिहितो.

कमिटीची माणसं घरी आली. आईसमोर बसली, चहा घेतला, म्हणाली, "आता ती जोड मोडली."

मी आतून ओरडलो, "मोडली न्हाई. मी लढतो."

मैदानाचा फलक रंगवणाऱ्यानं दादाच्या नावाआधी 'कै.' लिहिलं होतं. मी त्याच्या हातातला ब्रश ओढून घेतला आणि त्या 'कै'चा 'पै' केला. रंग ओघळला, अक्षर वेडंवाकडं झालं. पण वाचता येत होतं. पै. धैर्यशील मगदूम. त्याच्या खाली माझं नाव लिहून घेतलं. दादाची कुस्ती अर्धी राहिली होती, ती दुसऱ्या कुणी पुरी करायची नाही, आमच्याच घरानं करायची.

वस्तादांनी तो फलक बराच वेळ बघितला. मग माझे डोळे बघितले.

"किती दिस झोपला न्हाईस?"

"झोपतो की."

"उद्या सकाळी तुझं डोळं बघीन. झोपल्यालं दिसलं तर मैदान. न्हाईतर एस.टी."

"वस्ताद..."

"भूपालच्या हातात झोपाळू माणूस मी देत न्हाई. मान मोडून घरी न्यायची का तुझी? एक नेलाय."



तर अशी ती रात्र. आणि शेजारी हलगी.

मी वस्तादांचं ऐकलं नाही. मूठ दारावर घातलीच.

दार उघडलं. दारात आवळे मामा. सगळ्या मैदानांवर हलगी त्यांचीच. पांढऱ्या मिशा, डोक्याला पिवळा फेटा, गळ्यात हलगी. मागं दोघं जण.

"बंद करा," मी म्हणालो. "शेजारी पैलवान झोपलाय."

"कुठाय?"

"मीच."

"मग जागं कसं?"

मागचे दोघं हसले. कैताळवाल्यानं हसता हसता एकदा वाजवूनही दाखवलं. माझ्या कानशिलात रक्त चढलं.

"हसू नका. उद्या मैदानात बघा."

"बघणारच की. त्याचीच तर तयारी चाललीय. हा कैताळवाला नवा हाय, त्याला बसवतोय." मामांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "कोणचं पैलवान म्हणायचं?"

मी छाती पुढं काढली.

"धैर्यशील मगदूमचा भाऊ."

...

हसणं थांबलं. घुमक्यावरचा हात घुमक्यावरच राहिला.

"थोरल्या मगदुमाचा?"

"व्हय."

मामांनी हलगी उलटी केली आणि तिचं कडं माझ्यासमोर धरलं. कड्याच्या सांध्यात लाल माती बसली होती.

"मैदानात उतरताना त्यानं मूठभर माती आधी हिला लावली. मग अंगाला. एवढी मैदानं वाजवली, पर असा पैलवान बघितला न्हाई. कातडं दोनदा बदललं. ही माती पुसली न्हाई."

 माझी छाती अजून वर आली.

"उठा रं," मामा मागच्यांना म्हणाले. "धैर्यशीलचा भाऊ दारात हाय. बसून काय वाजवताय?"

दोघंही उठले. आणि तिघांनी मिळून दादाची चाल धरली.

दादा मैदानात पळत यायचा नाही. चालत यायचा. हलगी आधी दबकत वाजायची, त्याच्या पावलाला पाऊल. मग तो उडी घ्यायचा आणि हलगी फुटायची. तीच चाल. लॉजचं दार थरथरलं. वरच्या मजल्यावरून कुणीतरी शिटी मारली. खालून मॅनेजर ओरडला, "वा मामा!"

मी दोन्ही हातांनी दार ओढून घेतलं आणि खोलीत आलो.

वस्ताद खाटेवर बसले होते.

"जितलास?"

"..."

"आवाज वाढला."

"माझं नाव ऐकून वाढला," मी म्हणालो. खरं सांगतो, ताठ मानेनं म्हणालो.

"तुझं?" वस्ताद म्हणाले. "तुझं नाव त्यांनी इचारलंच कुठं?"

मी गादीवर पडलो. उशी कानावर दाबली. उशीतून हलगी येत होती. गादीतून घुमकं येत होतं. भूपालचा हात मानेवर पडल्यासारखं वाटत होतं.

"वस्ताद, तुम्ही सांगा त्यांना. तुमचं ऐकतील."

"नक्की सांगू?"

"सांगा की. सकाळी मला एस.टी.त बसवायचं हाय का?"

"बंद करायलाच सांगू?"

"मग काय जोरात वाजवा म्हणून सांगताय?"

वस्तादांनी माझ्याकडं बघितलं. मग उठले, खांद्यावर टॉवेल टाकला आणि गेले.

थोड्या वेळानं सगळं थांबलं.

वस्ताद परत आले तेव्हा त्यांच्या काखेत हलगी होती. ती त्यांनी माझ्या उशाशी भिंतीला टेकवून ठेवली.

"काय सांगितलंत?"

"काय न्हाई. मागितली, दिली."

"मी एवढा ओरडलो..."

"तू ओरडलास. मी मागितली. झोप आता."

दिवा बंद झाला.

मी जिंकल्यासारखा पसरलो. आता उद्या डोळे स्वच्छ. आता मैदान आपलं. भूपालचा पट कसा काढायचा, तो कलला की ढाक कशी मारायची, सगळे डाव डोळ्यापुढं आले. लोक ओरडताना दिसले, मगदूम, मगदूम. थोरला की धाकटा, ते त्यात कळत नव्हतं.

मग तेही थांबलं.

बोळ गप्प. वरचा मजला गप्प. रस्त्यावरची माणसंही पांगली असावीत. पंखा फिरत होता, त्याचाही आवाज नव्हता.

मी ह्या कुशीवर झालो. त्या कुशीवर झालो.

डोळे मिटले की ते आपोआप उघडत होते...

वस्तादांचा श्वास संथ चालला होता. ते झोपले असं मला वाटलं. मी हात लांब केला. अंधारात हलगीचं कातडं बोटांना लागलं. थंड होतं.

मी एका बोटानं हळूच टिचकी मारली.

टुम्म...

"कुणी वाजवली?"

वस्ताद जागेच होते.

"...मी."

"का?"

"चुकून."

"..."

"चुकून न्हाई."

"मग का?"

"लई गप झालं हुतं, वस्ताद."

वस्ताद उठून बसले, हे खाट करकरली त्यावरून कळलं. दिवा त्यांनी लावला नाही.

"घरी कसा झोपतोस?"

आता अंधार होता. अंधारात बोलता येतं.

"दादा घोरायचा," मी म्हणालो.

"ठाऊक हाय. तालमीची कौलं हलायची."

"तालमीत त्याच्याशेजारी कुणी अंथरूण टाकत नव्हतं."

"तू टाकायचास."

"पहिल्यापासनं. घरीबी. आई म्हणायची, थोरल्याचं घोरणं थांबलं की धाकटा दचकून उठतो..."

 मी रडलो नाही, असं मी लिहिणार होतो. पण वस्ताद हे वाचून घेतील कुणाकडून तरी.

वस्ताद थांबले. माझं होईपर्यंत थांबले. पाठीवर हात ठेवला नाही, उगी म्हणाले नाहीत.

"घरी कसा झोपतोस, इचारलं मी."

"न्हाई झोपत."

"त्याला माती दिल्यापासनं?"

"व्हय."

"आणि आज झोपू देईनात म्हणून शेजाऱ्यांचं दार फोडत हुतास."

"..."

"धाकल्या."

"जी."

"त्यांची चाल चालू हुती तवा तुझी उशी कानावर हुती. पाय कुठं हुतं?"

"पाय?"

"तुझं पाय. मी बघत हुतो. चालीवर हलत हुतं."

मला ते ठाऊक नव्हतं.

खाट पुन्हा करकरली. वस्ताद माझ्या उशाशी आले, वाकले. हलगी उचलली. तिच्या कड्यावरून अंगठा फिरवला, मातीच्या जागी थांबला. मग वस्ताद बाहेर पडले.

दार उघडं टाकूनच गेले. बोळातला पिवळा उजेड माझ्या गादीपर्यंत आला.

शेजारच्या दारावर बोटानं दोनदा वाजलं.

"कोण?" आवळे मामांचा आवाज, झोपेतला. दार उघडलं. "वस्ताद? आता काय झालं? गप तर बसलोय आम्ही."

"ही घ्या."

"सकाळी घेतली असती की. पैलवानाला तरास नको."

"वाजवा," वस्ताद म्हणाले. "पोराला झोपायचंय."