उलट्या पावलांचा दोरवळ्या

एका राज्यात, जिथे जमीन संपते आणि खारं पाणी सुरू होतं, तिथे खारबंदर नावाचं गाव होतं. गावात घरं होती, देऊळ होतं, राजाचा महालही होता. पण त्या गावात दोर टिकत नसे. विहिरीत पोहरा सोडावा, तर तो पाण्याला लागण्याआधीच दोर तुटे. गाय खुंट्याला बांधावी, तर दावं गळून पडे. लेकरं भुईवर निजत, कारण पाळणा टांगायची सोय नव्हती. होड्या रोज छातीच्या बळावर वाळूत ओढाव्या लागत. एखाद्याने कंटाळून पाण्यात बांधलीच, तर पुढच्या ओहोटीला ती गेलेली असे. मोठं गलबत चाळीस वर्षांत तिथे थांबलं नव्हतं. हे असं होतं, आणि लोकांना त्याची सवय झाली होती. माणसाला सवय कशाचीही होते.

अशा गावात एक परका उतरला. उतरला कसला, उतरवला गेला. गलबताला नांगर टाकता येईना, म्हणून तांडेलाने त्याला एका होडग्यात बसवलं, लाटेवर सोडून दिलं आणि शीड फिरवलं. त्याचं नाव बरझान. त्याचा मुलूख रेतीखाली गेला होता. पाठीवर एक लाकडी रहाट होता, दोराला पीळ देणारा. एवढीच त्याची मत्ता.

रहाट फिरवणारी त्याची बायको झीबा वाटेतच तापाने गेली. तिला पाण्यात सोडावं लागलं. दोर वळायला दोन माणसं लागतात. एक बसून रहाट फिरवतो, दुसरा कमरेला काथ्या बांधतो आणि पीळ भरत भरत पाठमोरा चालत जातो. वीस वर्षं झीबा रहाटाशी बसली आणि बरझान तिच्याकडे बघत मागे मागे चालला. त्यांचा संसार तो एवढाच होता.

किनाऱ्यावर चांगुणा नावाची कोळीण सुके बोंबील विकत बसली होती.

"काय रे बाबा, कुठला तू?"

"समुद्रापलीकडचा, बाई."

"आणि धंदा काय तुझा?"

"दोर वळतो. इथे दुकान मांडावं म्हणतो."

चांगुणा इतकी हसली की टोपली कलंडली. "अगो बाई! टकल्यांच्या गावात फण्या विकायला आला!"

मग तिला त्याचं तोंड दिसलं आणि तिचं हसू विझलं. तिने एक भाकरी काढली, वर दोन बोंबील ठेवले आणि ते सगळं त्याच्यासमोर वाळूवर मांडलं.

"हातात का देत नाहीस?"

"परक्याच्या हाताला हात लावायचा नाही. राजाचा नियम आहे. का, ते विचारू नकोस. आम्हीही कधी विचारलं नाही."

बरझानने वाळू झटकली आणि भाकरी खाल्ली. मग तो राजाकडे गेला.

राजा सोमकेतु म्हातारा होता. उजवा हात रेशमात गुंडाळलेला. त्या हाताची बोटं चाळीस वर्षं मिटली नव्हती.

"परक्या, काय मागतोस?"

"महाराज, समुद्राकाठी साठ पावलं जमीन. आणि रहाटाशी बसायला एक माणूस."

"आधी तीन कामं कर. सात माडांच्या खडकावरून काथ्या आण. खडकाखाली बुडालेल्या गलबताचा नांगर आण. मग त्या नांगराला टिकेल असा दोर तीन दिवसांत वळ. झालं तर जमीन तुझी. चुकलास, तर फळीवर बसवून ओहोटीला सोडीन."

"मला परतीची वाट नाही, महाराज. कबूल आहे."

राजाने कामं सांगताना डोळे मिटून घेतले होते. बरझानला ते दिसलं.

किनाऱ्यावर खुंटावर एक पाणकावळा पंख पसरून बसला होता. तो म्हणाला, "दोरवळ्या, खडकावर जाशील तर गप्प राहू नकोस. गावची माणसं तिथे गप्प गेली आणि बहिरी होऊन आली."

बरझानने पक्ष्याला नमस्कार केला आणि होडगं वल्हवत खडक गाठला. तिथे सात माड होते. वारा नसताना ते कण्हत होते. ते बुडालेले खलाशी होते, आणि त्यांचे माड झाले होते. बरझानने त्यांना आपल्या भाषेत विचारलं, "भावांनो, तुम्ही कुठले?" माडांचं कण्हणं थांबलं. एक माड म्हणाला, "चाळीस वर्षांनी कुणी विचारलं." सातही माडांनी आपले नारळ खाली टाकले. बरझानने नारळांवरची सोडणं सोलली, खडकावर बडवली, काथ्या झोडून घेतला आणि गाठोडं घेऊन परतला. पहिलं काम झालं.

दुसऱ्या कामाला निघताना पाणकावळा म्हणाला, "बुडालेल्या गलबतात सोनं आहे. ज्याची नजर त्यावर पडते, तो त्याच्याकडे चालत जातो, आणि मग चालतच राहतो."

"मी बघणार नाही."

"सगळे असंच म्हणतात."

मोठी ओहोटी लागली, पाणी मागे हटलं, आणि खडकाखालचं गलबत उघडं पडलं. बरझानने गलबताकडे पाठ केली. त्याने काथ्याची एक बट कमरेला बांधली, दुसरं टोक दगडाखाली दाबलं, आणि जन्मभर चालला तसा तो पाठमोरा चालू लागला. पाठीमागून सोन्याचा उजेड येत होता, त्याची सावली पुढे पडत होती. कुणीतरी त्याला नावाने हाक मारली. आवाज झीबाचा होता. पण त्याची मान वळली नाही. दोर वळताना मान वळवली की पीळ उतरतो, हे त्याच्या हाडात होतं. आणि झीबा कधी त्याच्या पाठीमागे नव्हतीच; ती नेहमी समोर असे. टाचेला गार लोखंड लागलं. त्याने नांगर मागच्या मागे उचलला, पाठीवर घेतला, आणि भरती यायच्या आत वाळूवर आणून टाकला. दुसरं काम झालं.

तिसरं राहिलं.

बरझानने वाळूत रहाट रोवला आणि माणूस शोधायला निघाला. घरोघर गेला. कुणी दार लावलं, कुणी दोन गोड शब्द बोलून दार लावलं. चांगुणा म्हणाली, "माझ्या मनात नाही असं नाही रे. पण राजाचा नियम मोडला तर मला हद्दपार करतील, आणि माझ्यात तुझ्यासारखं धाडस नाही." बरझानने एकट्याने करून पाहिलं. रहाट फिरवून धावत टोकाशी जाई, तोवर पीळ उतरलेला असे. तीन दिवस असे गेले. चौथ्या दिवशी शिपाई फळी घेऊन किनाऱ्यावर आले, राजाही पालखीतून आला. सगळं गाव वाळूवर जमलं.

तेव्हा पाणकावळा खुंटावरून खाली उतरला आणि सगळ्यांदेखत बोलला.

"दोरवळ्या, तू चुकीच्या दारांत गेलास. चाळीस वर्षांपूर्वी वादळात एक परकं गलबत या बंदरात आसऱ्याला आलं होतं. खडकाच्या आडोशाला त्याने नांगर टाकला होता. एका राजपुत्राने सोन्यासाठी त्या नांगराचा दोर कापला. गलबत खडकावर फुटलं. त्यावर एक मांत्रिक होता. बुडताना त्याने शाप दिला, की या बंदरात पुन्हा दोर टिकणार नाही. ज्या हाताने कापला, त्याच हाताने परक्यासोबत वळेपर्यंत नाही. शाप देताना तो विसरला, की शाप देणाराही त्यातच बांधला जातो. तो मांत्रिक मी आहे."

सगळ्यांच्या नजरा पालखीकडे वळल्या.

राजा पालखीतून उतरला. त्याने उजव्या हातावरचं रेशीम सोडलं. "लोकहो, तो राजपुत्र मीच. मी त्या परक्यांच्या हाताला हात दिला नाही, म्हणून तुम्हालाही देऊ दिला नाही. माझ्या लाजेला मी नियम म्हटलं."

मग तो बरझानकडे वळला. "शिकव मला."

"खाली बसा, महाराज. दांडा असा धरा."

बोटं मिटेनात. बरझानने आपला हात राजाच्या हातावर ठेवला आणि एकेक बोट दांड्याभोवती वळवलं. राजाच्या तोंडून वेदनेचा शब्द निघाला, पण त्याने हात काढला नाही. रहाट फिरला. बरझान कमरेला काथ्या बांधून मागे मागे चालत गेला, साठ पावलं. दोर झाला. तो नांगराला बांधून चांगुणाच्या होडीला लावला, होडी पाण्यात ढकलली. एक भरती आली, गेली. एक ओहोटी आली, गेली. होडी तिथेच होती.

पाणकावळ्याच्या जागी एक वाकलेला म्हातारा उभा होता. तो पाण्यात शिरला आणि खडकाच्या दिशेने चालत गेला. त्याने आपल्या माणसांच्या बुंध्यांना हात लावला, तसे सातही माड कायमचे शांत झाले. सोन्याचं तिथेच शंखशिंपल्यांत रूपांतर झालं.

बरझानला जमीन मिळाली. पण गिऱ्हाईक येईना. चाळीस वर्षांची धास्ती एका दिवसात जात नाही.

पाचव्या दिवशी चांगुणा आली. पदराने डोळे पुसत होती.

"दोर दे. तिरडीला."

"कुणाच्या?"

"राजाच्या. पहाटे गेला. हात मिटलेला होता म्हणे. चाळीस वर्षं आम्ही मयतं न बांधताच नेली रे, चौघं खांद्याला आणि दोघं धरायला. आज पहिल्यांदा नीट बांधू."

बरझानने दोर मापला. भाव कुणी विचारला नाही. मयताच्या दोराचा भाव करत नाहीत. तो स्वतः तिरडीमागून गेला. राजा खांद्यांवरून समुद्राकाठच्या स्मशानात पोचला आणि दोर कुठे सैल झाला नाही, हे गावाने डोळ्यांनी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी विहिरीसाठी कुणी आलं, गायीसाठी कुणी आलं. काथ्या संपत आला. बरझान जागेवर परतला, तर रहाटाशी चांगुणा बसलेली.

"बघतोस काय असा? मी काही तुझी बायको नव्हे हो. रोजची मजुरी घेईन, आणि दुपारी माझे बोंबील विकायला जाईन. चाल मागे."

बरझानने कमरेला काथ्या बांधला. समोरचं तोंड झीबाचं नव्हतं. ते तसं कधी होणारही नव्हतं. त्या तोंडाकडे बघत तो पाठमोरा चालू लागला.

खारबंदरात गलबतं पुन्हा थांबू लागली, पाळणे टांगले गेले, गायी दाव्याला राहिल्या. जे हात एकमेकांपासून तुटले होते ते असे एका पिळात बसले; ज्यांचे अजून तुटलेले असतील, त्यांचेही बसोत.