मधली जागा

“म्हणजे ही जागाही नको?”

धुंडीनाथ महाराजांनी विचारलं आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. ती ओसरेपर्यंत अच्युतराव खाली मान घालून बसले.

नाथपंथी गोसाव्याला मेल्यावर जाळत नाहीत, बसवून पुरतात. ती जागा हेरायचं काम महाराजांनी अच्युतरावांवर सोपवलं होतं. शेतकी शाळेत माती शिकवण्यातच अच्युतरावांची हयात गेली होती. “जागा ठरली की मी मोकळा,” महाराज म्हणाले होते. त्याला दोन वर्षं झाली. आता तर महाराजांना मठाचा ओटाही उतरवत नव्हता.

“टेकडीच्या माथ्यावर नुसता मुरूम आहे, महाराज. कुसळीशिवाय गवत नाही. एका वळवात वरचा थर वाहून जाईल. तुम्ही उघडे पडाल.”

“अन् पायथ्याला?”

“तिथे पोयटा. मऊ, खोल. मारवेल गवत गुडघाभर वाढलंय. पण ओल धरतो. अंग... लवकर जाईल.”

“वर उघडा पडतो, खाली विरघळतो.” महाराज हसले. “मास्तर, मला मीठ लावून बरणीत भरतोस काय रं?”

अच्युतरावांना हसू आलं नाही. महाराज गेल्यावर आपण कुणाला विचारायचं, एवढं एकच त्यांच्या मनात होतं.

“मधली राहिली,” महाराज म्हणाले. “मुरूम संपून पोयटा लागतो तिथली. बघून ये. फक्त... खरं सांग.”

अच्युतराव गाढवावर पाण्याच्या दोन घागरी घालून निघाले. त्या जागेपासून दहा हातांवर गाढव थांबलं, ते हलेना. घागरी त्यांनी स्वतः ओढत नेल्या.

हातभर लांब, हातभर रुंद, हातभर खोल खड्डा घेतला. निघाला मुरूमच, सुपारीएवढे खडे. दोन्ही घागरी ओतल्या, खड्डा अर्धा भरला. मग रीतीप्रमाणे, मागे न बघता, ते शंभर पावलं चालून गेले आणि परतले. पाणी टिकलं तर जागा चांगली. मुरमात ते टिकणं शक्य नव्हतं.

खड्डा काठोकाठ भरला होता.

आपल्या डोळ्यांवर त्यांचा तसाही फारसा भरवसा नव्हता. चष्मा पुसला. वारा उतारावरचं सगळं गवत लोळवत होता. पाण्यावर मात्र तरंग नव्हता.

ते वाकून बघत असतानाच पाणी हललं... आणि एकदम अर्ध्यावर आलं. आतून कुणी उठून गेल्यासारखं.

मग तिथेच राहिलं. बोटभरही जिरलं नाही.

खोट्या नोंदी करणाऱ्या पोरांना चाळीस वर्षं नापास करणारे अच्युतराव परत येताना एकच वाक्य घोकत होते.

महाराज मांडीवर घोंगडी घेऊन तसेच ओट्यावर बसले होते.

“जिरलं, महाराज. थेंबही राहिला नाही.”

“सगळं?”

“...सगळं.”

महाराजांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता. मग त्यांनी घोंगडी बाजूला केली.

भगवं धोतर कमरेपर्यंत ओलं होतं. काठाला मुरमाचे बारीक खडे चिकटले होते.



“हे वाळत घाल, बाळा,” महाराज म्हणाले. “उद्या बसताना कोरडं पाहिजे.”