गजराबाईचं ताट

पाहुणे, पुलाच्या तोंडाशी जमलेली माणसं बघून कुणाची तरी मिरवणूक निघायची आहे असं तुम्हाला वाटलं असेल. तसं काही नाही. आमचा कबड्डीचा संघ नदीपलीकडे नागपंचमीचे सामने खेळायला गेलाय, त्याला घ्यायला गाव आलंय. हलगीवालेही आहेत, पण हलग्या काखेत मारून गप्प उभे आहेत. संघातला शेवटचा गडी पुलाच्या अलीकडे येईपर्यंत पिंपरोळीत वाद्य वाजत नाही. वरात असली तरी तीसुद्धा मुकाट्यानं चालते. आसपासची गावं याला आमचा चक्रमपणा म्हणतात. म्हणू देत. आम्ही उलट बोलत नाही, कारण खरं कारण सांगायला गेलं की आमचीच मान खाली जाते. तुम्ही आपणहून विचारलंत म्हणून सांगतो.

पूर्वी इथं पूल नव्हता, नाव होती. खेळालाही तेव्हा हुतूतू म्हणत. आमचं गाव खेळात मोठं आणि तोंडानं त्याहून मोठं, असं सांगतात. जिंकून आलेल्या गड्यांना लोक खांद्यावर घेऊन मारुतीच्या देवळापर्यंत नाचवायचे. हरून आलेल्यांसाठी वेगळी रीत होती. नागपंचमीला कासार गावात येतोच. त्याच्याकडून हिरवा चुडा घ्यायचा, ताटात मांडायचा आणि वेशीवर उभं राहून गड्यांपुढं धरायचा. ‘भरा बांगड्या!’ म्हणायचं, हलगी कडाडायची, लोक पोट धरून हसायचे. एकदा ते ताट पाहिलेल्या गड्याला पुढं वर्षभर रस्त्यानं सरळ चालता येत नसे. एकाचं ठरलेलं लग्न त्यापायी मोडलं, म्हणे. आणि आम्ही या सगळ्याला गंमत म्हणत होतो.

ताट धरायचा मान गजराबाईचा. बाई तोंडाची फटकळ, नकला करण्यात पटाईत. हरलेला गडी मान खाली घालून कसा चालतो, हे ती पदर खोचून करून दाखवायची आणि सगळी वेस हसवायची. पुढं तिचाच मुलगा, अंबादास, संघाचा म्होरक्या झाला. तो उभा राहिल्यापासून संघ हरलाच नाही, त्यामुळं ताट फळीवर पडून राहिलं. गजराबाई म्हणायची, ‘माझ्या पोरानं माझाच धंदा बसवला.’ पोराचा तिला फार अभिमान होता आणि तो तिला लपवताही येत नव्हता.

एका श्रावणात मात्र संघ हरला. सामना बघायला गेलेले लोक आधीच्या नावेनं परतले आणि बातमी घेऊनच वेशीत शिरले. इतक्या वर्षांची हौस राहिलेली, गाव नुसतं पेटलं. हलग्या आल्या. कासाराला ओढून आणलं. मग सगळ्यांच्या नजरा गजराबाईकडे वळल्या.

शेजारीण म्हणाली, “आता बघू गं गजरे. पोटच्या पोरापुढं धरतीस का?”

“धरीन की! आजवर लोकांच्या पोरांपुढं धरलं. माझा काय आभाळातनं पडलाय?”

लोकांनी आरोळी ठोकली. तिनं ताट मांडलं, पण मांडताना तिच्या हातून दोन बांगड्या पिचल्या, असं सांगतात. ताट खाली ठेवावं आणि घरी जाऊन चुलीला लागावं, असं तिच्या मनात येऊन गेलं होतं, हे तिनंच पुढं बोलून दाखवलं. पण लोक काय म्हणतील, एवढ्यासाठी ठेवलं नाही. लोक म्हणजे कोण? आमचेच आजे-पणजे.

इकडे येसू नावाडी गड्यांना आणायला पलीकडे गेला होता. माणूस वाईट नव्हता, पण तोही पिंपरोळीचाच. नाव काठाला लावता लावता तो म्हणाला, “बसा लवकर, वेशीवर ताट मांडून वाट बघत्यात. आंबादास, तुझी आईच धरून उभी हाय.”

अंबादासनं नावेत टाकलेला पाय मागं घेतला.

“येसूकाका, तुमी जावा. आमी वरच्या उतारानं पाण्यातनं चालत येतो. मागच्या पांदीनं घरात शिरू.”

“अरं, पाणी बघितलंस का? उन्हाळ्यातला उतार हाय त्यो. थट्टा केली मी, बस नावेत.”

“पाण्याचं काय न्हाई काका. वेशीवरनं न्हाई यायचं आमाला.”

बाकीचे सहाही गडी त्याच्या मागं गेले. कुणी हटकलं नाही, कारण वेशीचं भय सगळ्यांनाच सारखं होतं. उताराला त्यांनी हाताला हात धरून साखळी केली. चढाईला आलेला गडी अडवायला करतात तशी. साखळीत काही झालं तरी हात सोडायचा नाही, हे अंबादासनंच त्यांना घोटून शिकवलेलं होतं. मध्यावर एकाचा पाय गेला. येसू नाव वल्हवत तिकडं निघाला होता, त्यानं ते पाहिलं. काठाजवळ पोचलेल्या दोघांनी हात सोडला असता तर ते वाचले असते, असं तो मरेपर्यंत सांगत राहिला. त्यांनी सोडला नाही.

आता यापुढचं सांगायला आमच्यातली जुनी माणसं तयार नसत. वेशीवर हलगी चालू होती. एक बाई म्हणाली, “नदीकडनं कोण हाका मारतंय बघा.” त्यावर कुणीतरी ओरडलं, “लाजंनं रडत असतील! वाजव रं जोरात!” आणि वाजवली. लोक हसले. गजराबाईही हसली. हाका गड्यांच्या होत्या की येसूच्या, ते कुणालाच कधी कळलं नाही. ओल्या धोतरानं येसू एकटाच धावत वेशीत आला, तेव्हा हलगी थांबली.

नदीच्या वळणावर बाभळींना अडकलेले ते सापडले. हात धरलेलेच होते. तसेच वर काढले, म्हणे.

दहावं-तेरावं झाल्यावर पंच बसले. माणसाचा स्वभावच असा, की दोष ठेवायला आधी दुसरा शोधायचा. कुणी म्हणालं नदी कोपली, तिची ओटी भरा. कुणी म्हणालं येसूनं गड्यांना घेतल्याशिवाय नाव सोडायलाच नको होती. तेव्हा बायकांतून गजराबाई उठून पुढं आली.

“नदीला नावं ठेवू नका, आन् येसूभावजींनाबी. माझं पोरगं पुराला भ्यालं न्हाई. मला भ्यालं. मी ताट खाली ठेवलं असतं तर ते नावेत बसलं असतं.”

हलगीवाला म्हणाला, खेळायला गेलेला गडी घरी परतल्याखेरीज पुन्हा कातड्याला हात लावणार नाही. ती आण आजही पाळतात. बांगड्यांची रीत कुणी बंद केली नाही, ती आपोआप मेली. मैदानात गवत वाढलं. कितीतरी वर्षं आमच्या गावाला संघच नव्हता.

मग मेलेल्यांचे धाकटे भाऊ, पुतणे मोठे झाले आणि खेळू लागले. पोरांना कोण अडवणार? एका नागपंचमीला ते पलीकडे गेले आणि हरले. गाव काठावर जाऊन उभं राहिलं. पण उभं राहून करायचं काय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आम्हाला दोनच गोष्टी येत होत्या, खांद्यावर घेणं नाहीतर हसणं. नाव काठाला लागली तरी पोरं उतरेनात. इतकी माणसं पाहून त्यांचे चेहरे पांढरे पडले होते.

गजराबाई तेव्हा पार वाकली होती. ती लुगडं वर धरून गुडघाभर पाण्यात गेली आणि नावेच्या कडेला बसलेल्या पोराच्या मनगटाला धरून म्हणाली, “जेवलास का रं?”

पोराला रडूच फुटलं. “काकी, हरलो आमी.”

“ते कुठं इचारलं मी? जेवलास का?”

“न्हाई.”

“मग चल घरी.”

एकेकाला तिनं तसंच विचारलं आणि हाताला धरून उतरवलं. वेशीतून त्यांना घेऊन येताना ती सगळ्यांच्या पुढं होती, असं सांगतात.

आजही आमच्या गावात खेळून आलेल्या पोराला निकाल विचारत नाहीत. आधी जेवायला वाढतात. बोलायचं असेल तर तो जेवता जेवता आपणच बोलतो. लोक आम्हाला फार मायाळू म्हणतात, तेव्हा अंगावर काटा येतो. आईनं घरी आलेल्या पोराला विचारायची पहिली गोष्ट, ती शिकायला आम्हाला सात पोरं घालवावी लागली.