उद्यापनाची फेरी

"मग चूक दाखवा ना, मास्तर. कुठे आहे चूक?"

साबडे मास्तरांनी समोर पसरलेल्या नकाशावरून नजर उचलली नाही.

"चूक नाही."

"मग हो म्हणा," यशोधन म्हणाला.

मास्तर नकाशावर बोट फिरवत राहिले...

आजऱ्याच्या वाटेवर, डोंगराच्या सपाटीवर गगनबाग आहे. पाळणे, चक्रं, पोरांची आगगाडी, सगळं तिथे मास्तरांच्या हातचं. बाग मालकाची, पण शब्द मास्तरांचा. नवं काहीही उभं राहिलं, तरी मास्तरांच्या तोंडून "हो" आल्याशिवाय त्यात माणूस बसायचा नाही, असा तिथला रिवाज होता. देवाला दाखवल्याशिवाय ताटाला हात लावू नये, तसा.

आणि उद्या अक्षय्य तृतीया. उद्या यशोधन कारखानीसने बांधलेली रोलर कोस्टर, 'भरारी', लोकांसाठी खुली व्हायची होती. फाटकावर तोरणं लागली होती. फक्त तो एक शब्द अडला होता.

यशोधन म्हणजे मास्तरांचा सगळ्यांत हुशार शिष्य. हे सगळेच म्हणत, आणि यशोधन कुणाला अडवत नसे.

रोलर कोस्टर हे त्याचं वेड. कुणाला गाण्याचं असतं, कुणाला गडांचं, तसं. कुठल्या देशात कुठली गाडी लाकडी रुळावर धावते, कुठली लोखंडी, कुठे माणूस उलटा होतो आणि कुठे नुसता कलतो, हे त्याला आरतीसारखं पाठ होतं. डोळे मिटून, साखळीच्या नुसत्या आवाजावरून तो गाडी ओळखायचा. पोटाला चिमटा घेऊन तो देशोदेशी हिंडला होता, ते एका क्षणासाठी.

तो क्षण असा. गाडी चढाच्या माथ्यावरून वळते आणि अंग आसनावरून अलगद उचललं जातं. देवापुढचं वाळलेलं फूल वाऱ्याने उचलावं तसं. ना वर, ना खाली. ना भीती, ना आनंद. यशोधनला त्या क्षणी जे वाटे, ते त्याला कुठल्या देवळात वाटलं नव्हतं.

'भरारी'चा शेवटचा चढ त्याने त्या क्षणासाठीच बांधला होता. कोस्टरला काही इंजिन नसतं. साखळीने एकदा माथ्यावर नेऊन सोडलं की पहिल्या उतारावर मिळालेला वेग हीच पुढची शिदोरी. ती वाटेत सरत जाते, म्हणून प्रत्येक चढ मागच्याहून बुटका ठेवतात. यशोधनने शेवटचा चढ रिवाजापेक्षा जरा उंचच राखला. माथ्यावर गाडी जवळजवळ थांबावी, आणि तो क्षण लांबावा, म्हणून.

शिवाय त्याने नेम धरला होता. 'भरारी' पुरी होईपर्यंत दुसऱ्या कुठल्याही कोस्टरमध्ये पाय ठेवायचा नाही. मित्र बोलवायचे. हा जायचा आणि खाली त्यांच्या पिशव्या नि चपला सांभाळत उभा राहायचा. कित्येक वर्षं त्याने तो नेम मोडला नाही. आणि नेम फेडायचा तो 'भरारी'च्या पहिल्या फेरीत. सर्वांत पुढच्या आसनावर. एकट्याने.

"मला एकट्याला बसू द्या, मास्तर. पहाटे. मग बाकी सगळं तुमच्या मनासारखं."

"आजवर कोण बसलं?"

"पोतीच. वाळूची. सगळी आसनं भरून सोडली. एकदाही अडली नाही."

"रिकामी सोडलीस?"

"कागदावर रिकामीही पार होते. मी गणित केलंय."

"हं."

मास्तरांनी नकाशाची गुंडाळी केली आणि त्याच्या हातात दिली.

"ये बसून," ते म्हणाले.

यशोधनला वाटलं, जिंकलो.

पहाटे गवतावर दव होतं. गाडी चालवणारा हमीद शाल पांघरून फलाटावर आला. आसनांवर चाचणीची पोती ओळीने बसली होती. बागेतल्या माणसांनी खडूने त्यांना नावंसुद्धा दिली होती. पाटील, गुरव, मामी, दोन्ही जावा.

"उतरव सगळी."

"सगळी?" हमीदने डोकं खाजवलं. "मामींना तरी राहू दे, साहेब. जोडीला बऱ्या असतात. बोलत नाहीत."

"एकही नको."

हमीदने पोती उतरवली. मामींना मात्र त्याने जरा जपून ठेवलं.

यशोधन पुढच्या आसनावर बसला. मांडीवरचा दांडा खाली आला आणि खटकन बसला. त्याची किल्ली हमीदच्या गळ्यात. मास्तर कुठे दिसत नव्हते. बरंच झालं, यशोधनच्या मनात आलं. हा क्षण कुणाबरोबर वाटून घ्यायचा नव्हता.

साखळी टकटक करत वर निघाली. खाली बाग लहान होत गेली. माथा आला. डोंगराच्या कडेला तांबडं फुटत होतं.

मग उतार... वारा... पहिलं वळण, दुसरा चढ, पुन्हा उतार. जसं आखलं होतं, तसंच. त्याचे डोळे भरून आले. त्याने दोन्ही हात दांड्यावरून काढून आकाशाकडे नेले.

शेवटचा चढ समोर आला. गाडी चढू लागली. मंदावली. आणखी मंदावली. माथा हातभर उरला.

आणि गाडी थांबली.

क्षणभर काहीच झालं नाही. मग ती मागे घसरली. मागच्या उतारावर थोडी चढली, पुन्हा पुढे आली, पुन्हा मागे गेली. झोका देणारं कुणी निघून गेल्यावर पाळणा हलत राहतो, तशी हलत राहिली. शेवटी दोन चढांच्या मधल्या खोलगट जागी निश्चल झाली.

कुठेतरी होला घुमत होता.

यशोधनचे हात अजून वरच होते. ते त्याने खाली घेतले.

दांडा उघडत नव्हता. हाक मारायची लाज वाटत होती. जमीन फार लांब नव्हती, पुरुषभर खाली असेल. तेवढ्यात त्याचं लक्ष गेलं. रुळांना एक शिडी टेकवलेली होती. तिच्या पायऱ्यांवर दव साचलं होतं, म्हणजे ती रात्रीच कुणीतरी लावली होती.

शिडीवरून साबडे मास्तर चढत होते. एकेक पायरी, दम घेत.

ते वर आले. गाडीत पाय टाकला आणि यशोधनच्या शेजारच्या आसनावर बसले. धोतराचा सोगा नीट मांडीवर घेतला.

दोघंही समोरच्या चढाकडे बघत राहिले...

"वारा समोरून होता," यशोधन म्हणाला.

"गाडी चालली की वारा समोरूनच येतो."

"चाकं नवी आहेत. अजून रुळलेली नाहीत."

"हो."

"थंडीने वंगण घट्ट झालं असणार."

"असेल."

यशोधनने दांड्यावर मूठ आपटली.

"भरलेली गेली, मास्तर. इतकं ओझं घेऊन गेली. रिकामी का अडावी..."

"ओझं असलं की गाडी वाऱ्याला रेटून जाते. हलकी अडते," मास्तर म्हणाले. मग सहज विचारावं तसं म्हणाले, "नेम होता ना तुझा?"

"होता."

"म्हणजे आज उद्यापन."

"हो."

"कुणाला बोलावलंस?"

"कुणाला बोलवायचं? नेम माझा. उद्यापन माझं."

मास्तर आसनावरच वळले. मागे दोन-दोन आसनांची रांग लांबवर गेली होती. सगळी रिकामी. प्रत्येकावर दवाचा पातळ थर. त्यांनी हात लांब करून ती रांग दाखवली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"पानं मांडलीस," ते म्हणाले. "जेवणारं कोणी नाही."

यशोधनने मागे वळून पाहिलं. इतक्या वर्षांत ती आसनं त्याने वजन म्हणून पाहिली होती. त्यांच्यावर कोण बसणार, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं...

हमीद किल्ली घेऊन आला, तोवर उजाडलं होतं. गाडी कप्प्या लावून चढापार ओढावी लागली. त्यात सकाळ गेली. यशोधनने स्वतः दोरखंडाला हात लावला. तळवे सोलवटले, पण दोर सोडला नाही.

ऊन चढलं, चाकं तापली. मग पोती बसवून गाडी पुन्हा पुन्हा सोडली. दर वेळी ती शेवटचा चढ चढली, माथ्यावर जरा रेंगाळली, आणि डुलत फलाटावर आली.

"साहेब," हमीद म्हणाला, "रिकामी सोडायची नाही, अशी पाटी लावू का?"

त्याला वाटलं, साहेब चिडतील.

"लाव," यशोधन म्हणाला.

मग तो मास्तरांकडे गेला. मास्तर झाडाखाली चहा पीत होते. यशोधनने काही विचारलं नाही. त्यांच्याकडे नुसतं पाहिलं, आणि बागेकडे वळला.

माळी, माळ्याची बायको, झाडलोट करणाऱ्या बाया, तिकिटाच्या खिडकीतली माणसं. एकेकापाशी जाऊन तो म्हणाला, "याल का? पहिली फेरी आहे." काहींनी हातातली कामं टाकली. काहींना वाटलं, साहेबाला ऊन लागलं.

शेवटी तो भज्यांच्या गाड्यापाशी आला. तुळसाक्का कढईपाशी उभ्या होत्या.

"आक्का, येता का?"

"मी?" आक्कांनी झारा थांबवला. "का ओ, पोती संपली व्हय?"

यशोधन खाली बघू लागला.

"इतकी वर्सं हितं भजी तळतीया," आक्का म्हणाल्या. "वरडत्यात लोकं वर, मी हितनं ऐकतीया. बसले मातर न्हाई कशातच. कुणी म्हनलंच न्हाई."

"मी म्हणतोय."

आक्कांनी झारा कढईवर आडवा ठेवला.

"तुमी बसनार न्हवं शेजारी?"

"बसेन."

"मग येतीया." त्यांनी गॅस बंद केला. "पर डोळं मिटून बसनार. सांगून ठेवतीया."

पुढच्या आसनावर माळी आणि त्याची बायको बसली होती. नवी नवरी-नवरा बसावीत तशी, लाजून. भरता भरता गाडी भरली. अगदी मागची दोन आसनं उरली होती. यशोधनने आक्कांना आत बसवलं. पदर खोचून घ्यायला सांगितलं. त्यांचा दांडा स्वतः ओढून पाहिला. मग कडेला बसला.

साखळी टकटक करत निघाली.

"हे काय वाजतंय?"

"साखळी आहे, आक्का. धरून ठेवते ती. मागे जाऊ देत नाही."

"मग वाजू दे."

पहिल्या उताराला आक्कांनी त्याचा हात असा आवळला, की सोलवटलेल्या तळव्यातून कळ मस्तकात गेली. त्याने हात काढला नाही. "जोतिबाच्या नावानं चांगभलं," आक्का पुटपुटत होत्या. पुढे कुणी ओरडत होतं, कुणी हसत होतं. माळ्याच्या बायकोचा आवाज सगळ्यांच्या वर.

"उघडू का डोळं?"

"आत्ता नको, आक्का. मी सांगतो."

वळण गेलं. दुसरा चढ गेला. शेवटचा लागला. आक्का रडत होत्या की हसत होत्या, कळत नव्हतं.

"सांगा की वो."

"थांबा... थोडं थांबा... आता. आता उघडा."

आक्कांनी डोळे उघडले.

गाडी फलाटावर आली, तेव्हा आक्का तशाच बसून राहिल्या. दांडा वर गेला तरी उठल्या नाहीत. त्यांनी यशोधनचा हात अजून सोडला नव्हता.

"हिरण्यकेशी दिसली," त्या हळूच म्हणाल्या. "ऊन पडल्यालं पान्यावर. माझ्या माहेरावरनं जाती ती."

मास्तर फलाटाच्या कठड्यापाशी येऊन उभे होते. मागे हमीद होता. फाटकाबाहेर संध्याकाळच्या उद्घाटनासाठी आणलेल्या झेंडूच्या टोपल्या, आणि त्यांच्यापाशी मालकांची माणसं, निरोपाची वाट पाहत.

यशोधन आक्कांना हाताने धरून उतरवत मास्तरांपुढे आला.

"तरंगलास?" मास्तरांनी विचारलं.

यशोधनने आठवून पाहिलं. कित्येक वर्षं ज्या क्षणासाठी पाय आवरून ठेवले, तो क्षण त्याने शोधला. चढ आठवत होता. माथा आठवत नव्हता.

"ठाऊक नाही, मास्तर."

"म्हणजे?"

"आक्का डोळे उघडत होत्या. मी त्यांच्याकडे बघत होतो."

"आणि चढ?"

"गेला असेल..."

मास्तर त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. झाडांत वारा हलला आणि थांबला.

मग ते मागे वळले.

"हमीद, फाटक उघड."