चव्हाटाईचा वसा आणि कोठावळ्याची ओली ओंजळ

ऐका चव्हाटाई, तुमची कहाणी. आटपाट नगर, नगराला चार वाटा, चार वाटा मिळत तिथं चव्हाटाईचं ठाणं. देवीला ना देऊळ, ना दार. आल्यागेल्यानं बघावं, हात जोडावे, पुढं जावं.

नगराचा राजा भला होता. त्यानं गोरगरिबांसाठी औषधशाळा बांधली. औषध फुकट मिळेल अशी दवंडी पिटवली. पण दवंडी राजाची अन् दारं चाकरांची. पहिल्या दारी देवडीवाला म्हादबा, दुसऱ्या दारी कारकून त्रिंबक, तिसऱ्या दारी औषधांचा कोठावळा शिदोजी. कोठीची किल्ली त्याच्याच कमरेला, दुसऱ्या कुणाच्या हाती तो ती देत नसे.

त्या नगरात भिवरा नावाची कोष्टीण राहत होती. नवरा वारलेला. घरात एक माग अन् एक लेक, आवडी. एके दिवशी आवडी म्हणाली, "आई, आज धुकं पडलंय का गं?" बाहेर तर लख्ख ऊन होतं. भिवरानं माग थांबवला. ती लेकीला घेऊन वैद्यांकडं गेली. वैद्यांनी डोळे पाहिले. म्हणाले, "अवसेच्या आत अंजन घाल. अवस उलटली तर दृष्टी गेली. अंजन राजाच्या कोठीत आहे."

मग भिवरा लेकीला घेऊन औषधशाळेत गेली. म्हादबा म्हणाला, "आत फार गर्दी आहे बाई." असं म्हणून त्यानं आवडीच्या पायांकडं बघितलं. भिवरानं पदराआडून पैंजण दिले. दार उघडलं. मग त्रिंबक म्हणाला, "पुढच्या महिन्यात ये." भिवरा घरी गेली, तांब्याची घागर घेऊन आली, पदराआडून दिली. वाट मोकळी झाली. मग शिदोजी म्हणाला, "अंजन संपलंय. शोधलं तर सापडेलही. तुझा माग चांगला चालतो म्हणे?"

"मालक, माग दिला तर आम्ही खायचं काय?"

"ते मी काय सांगू? मी औषधाचा माणूस."

भिवरा चव्हाट्यावर आली अन् रडू लागली. देवीला दया आली. तिनं म्हातारीचं रूप घेतलं, डोक्यावर भाजीची पाटी घेतली, शेजारी येऊन बसली. "बाई बाई, का रडतेस?" भिवरानं सगळं सांगितलं. म्हातारी म्हणाली, "इतकं दिलंस, मग संकल्प सोडलास का?"

"आजी, त्याला कसला संकल्प? लपवून दिलं ते."

"देवापुढं सुपारी ठेवायची तरी आपण नाव-गाव उच्चारतो. तू पैंजण दिलेस, घागर दिलीस, अन् मुकाट्यानं?"

"मग मी काय करू?"

"माझा वसा घे."

"वसा कसा घ्यावा?"

"तांब्यात पाणी घ्यावं. पाच जणी सोबत न्याव्या. मागतील ते न्यावं, पण पदराआड देऊ नये. आपलं नाव सांगावं, घेणाऱ्याचं नाव सांगावं, कशासाठी देतो ते सांगावं. मागच्या माणसालाही ऐकू जाईल असं सांगावं. मग घेणाऱ्याच्या ओंजळीत पाणी सोडावं. त्यानं 'मला पोचलं' असं म्हणावं. म्हणाला तर वस्तू त्याची, न म्हणाला तर आपली. वसा घेऊन भिऊ नये, फळ मिळाल्यावर विसरू नये."

मग भिवरा दारोदार फिरली. पहिलीनं आतून कडी लावली. दुसरी म्हणाली, "तुझं होईल गं, पण आमची कामं अडतील." तिसरी गोदा तेलीण. ती म्हणाली, "माझी नथ त्या शिदोजीनंच घेतली. चल. निदान चारचौघांत नथीचं नाव तरी घेते." गोदा निघाली, तशा आणखी चौघी निघाल्या.

पहिल्या दारी म्हादबा म्हणाला, "आज फार गर्दी आहे." भिवरानं आवडीच्या हातातलं चांदीचं कडं काढलं अन् मोठ्यानं म्हणाली, "मी भिवरा कोष्टीण, देवडीवाल्या म्हादबाला, दार उघडण्यासाठी, हे कडं देते. दादा, ओंजळ धरा."

"अगं, हळू बोल!"

"हळू बोललं तर वसा मोडतो, दादा."

रांगेतल्या माना वळल्या. म्हादबानं दोन्ही हात पाठीमागं नेले अन् खांद्यानंच दार ढकललं.

दुसऱ्या दारी तिनं तेच केलं. त्रिंबक म्हणाला, "मी कुठं काय मागितलं?"

"नाही ना मागितलं? मग तेही मोठ्यानं सांगा. वशात चालतं," गोदा म्हणाली. त्रिंबकानं मान वर केली नाही. हात पुढं करून वाट दाखवली.

तिसरा शिदोजी. तो निबर होता. तो हसला. "पाणीच ना? घाल." त्यानं ओंजळ पुढं केली. भिवरा पुढं झाली. तिनं मागाची खूण म्हणून धोटा त्याच्यापुढं ठेवला. "मी भिवरा कोष्टीण, कोठावळ्या शिदोजीला, लेकीच्या अंजनासाठी, माझा माग देते." पाणी सोडलं. शिदोजी म्हणाला, "मला पोचलं!" भिवराचा माग गेला.

मग शिदोजीनं अंजनाची डबी काढली. ओंजळ धोतराला पुसली, ओलीच. पंच्यानं पुसली, ओलीच. उन्हात धरली, ओलीच. तसाच त्यानं भुकटीला हात लावला, भुकटीचा चिखल झाला. त्यानं दुसरी पुडी उघडली, तिचाही चिखल झाला. भिवरा ओरडली, "मालक, थांबा! सगळं अंजन जाईल!"

शिदोजी घाबरला. भिवरा त्याला चव्हाट्यावर घेऊन गेली. तिथं म्हातारी बसली होती, तो तिच्या पाया पडला. म्हातारी म्हणाली, "ज्याचं घेतलंस त्याला परत दे. भर रस्त्यानं ने. नाव घेऊन दे."

मग शिदोजीनं गाडी भरली. दारोदार गेला. "हे मी औषधासाठी तुझ्याकडून घेतलं होतं," असं म्हणत नथ दिली, परात दिली, दुभती शेळी दिली. म्हादबानं ते पाहिलं, त्रिंबकानं पाहिलं, तेही आपापलं घेऊन निघाले. शिदोजीचं एकेक बोट कोरडं होत गेलं. शेवटी भिवराचा माग दिला. तळहात कोरडा झाला, पण मधोमध एक थेंब राहिला. तेवढ्यानंही भुकटी भिजे. अवस दुसऱ्या दिवसावर आली. शिदोजी पुन्हा म्हातारीकडं गेला.

"आजी, सगळं दिलं. हा थेंब कसला?"

"देणाऱ्यांची दारं झाली. ज्यांच्यापाशी द्यायला काहीच नव्हतं, त्यांचं दार राहिलं."

शिदोजीचा चेहरा उतरला. वेशीबाहेर ठकू बुरडीण राहत होती. तिचा मुलगा तापानं फणफणत होता तेव्हा ती रिकाम्या हातानं आली होती. शिदोजीनं तिला परतवून लावलं होतं. मुलगा गेला.

शिदोजी तिच्या दारी गेला. मागोमाग भिवरा आली. ठकू टोपली विणत होती.

"ठकूबाई, मी तुझं काही घेतलं नाही."

"नव्हतंच काही. म्हणून तर लेकरू गेलं."

"मग मी काय परत करू?"

ठकू बांबूच्या कामट्या वाकवत राहिली. भिवरा खाली बसली. म्हणाली, "बाई, उद्या अवस. माझ्या लेकीचे डोळे चाललेत. तू पुसलास तर हा थेंब जाईल."

ठकूनं विचारलं, "लेक केवढी?"

"सात वर्षांची."

"माझा आठ वर्षांचा होता." ठकूनं टोपली बाजूला ठेवली. उठली. "थेंब मी पुसणार नाही. तो राहू दे त्याच्या हातात. शिदोजी, किल्ली दे."

शिदोजीनं कमरेची किल्ली सोडून दिली. ठकू भर चव्हाट्यावरून चालत गेली. मागं बाया, मागं माणसं. तिनं कोठी उघडली, हात धुतले, पदराला कोरडे केले, अंजनाची पुडी भरून भिवराच्या हातात ठेवली. भिवरानं लेकीच्या डोळ्यांत अंजन घातलं.

अवसेची सकाळ झाली. आवडीनं डोळे उघडले. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. ठकू दारात उभी होती. आवडी म्हणाली, "आई, ही मावशी का रडतेय गं?"

राजाला हे कळलं. कोठीची किल्ली ठकूकडंच राहिली. शिदोजी म्हादबाच्या जागी पहिल्या दारी बसू लागला. कुणी रिकाम्या हातानं आलं की तो थेंब बर्फासारखा गार पडे, अन् शिदोजी उठून दार उघडी.

चव्हाटाई भिवराला पावली, तशी तुम्हां-आम्हां पावो. आवडीला दिसलं, तसं दारांवर बसणाऱ्यांना दिसो. आणि कुणा ठकूचं लेकरू दारातून माघारी न जावो. ही साठां उत्तरांची कहाणी पांचा उत्तरांत सांगितली, ऐकणारीला सुफळ होवो, सांगणारीला संपूर्ण होवो.