त्या वर्षाची एकच तबकडी

एकदा एक तांब्या-पितळेच्या भांड्यांचा व्यापारी एका वृद्ध रसिकाच्या घरी आला. जिना चढून दमला होता, तरी बसायच्या आधीच म्हणाला, "गुरुजी, मला त्या वर्षातलं जे जे उत्तम असेल ते ऐकायचंय. आणि जरा घाईनं ऐकायचंय."

कोणतं वर्ष, हे गुरुजींनी विचारलं नाही. साठच्या दशकातलं ते एक वर्ष असं, की त्याचं नाव निघालं तरी जाणकार माणूस आधी कानाच्या पाळीला हात लावतो आणि मग तोंड उघडतो. थकत आलेल्या थोर गवयांनी आपलं राखून ठेवलेलं गाणं त्या वर्षी लाँगप्ले तबकड्यांवर उतरवलं, सतार-सरोदवाले तरुण जीव ओतून वाजवून गेले, आणि साता समुद्रापलीकडच्या गिटारवाल्या पोरांनीही काही कसर ठेवली नाही. गुरुजींच्या कपाटात त्या एका वर्षासाठी अख्खा खण होता.

"घाई कसली, शेठ?" गुरुजींनी विचारलं.

तेव्हा व्यापाऱ्यानं सांगितलं. जन्म तांबट आळीत गेला. दुकानाच्या मागच्या बाजूलाच भांड्यांना ठोके घालायचं काम चाले, उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत हातोड्या थांबत नसत. त्या वर्षी तो ऐन विशीत होता. समोरच्या रेडिओच्या दुकानात मित्र जमायचे, नव्या तबकडीवरून हमरीतुमरीवर यायचे, आणि याला मात्र वडिलांनी गादीवर बसवलेलं. "म्हटलं, आज ना उद्या ऐकू. गाणं कुठं पळून जातंय?" व्यापारी म्हणाला. "आता डॉक्टर म्हणतात, ठोक्यांनी कानाच्या नसा गेल्या. फार तर वर्षभर. मग यंत्र लावलं तरी नुसता आवाज येईल, गाणं येणार नाही. रेकॉर्ड प्लेअर घेऊन ठेवलाय. काय ऐकू, तेवढं तुम्ही सांगा." बोलता बोलता त्याचे डोळे भरून आले आणि ते त्यानं लपवले नाहीत.

गुरुजींचा शिष्य हेरंब तिथंच बसला होता. हा हेरंब एका महाविद्यालयात ग्रंथपाल होता आणि कित्येक वर्षं दर रविवारी गुरुजींकडे येत होता. त्या खणातली प्रत्येक तबकडी त्याला पाठ होती. म्हणजे काय पाठ होतं, तर गायक कोण, साथीला कोण, ध्वनिमुद्रण कुठं झालं, पहिल्या आवृत्तीचं कव्हर कसं होतं आणि दुसरीचं कसं. गावातल्या श्रवण मंडळानं त्याला नुकतंच व्याख्यानाचं आमंत्रण दिलं होतं. विषय हाच: त्या वर्षातल्या चुकवू नयेत अशा तबकड्या. तेव्हा व्यापाऱ्याचा प्रश्न ऐकून हेरंबाला हुरूप आला, यात नवल नाही. ज्याची तयारी करावी तेच नेमकं कुणी विचारावं, हे सुख विद्वानाला क्वचित मिळतं.

गुरुजींनी मान हलवताच त्यानं भराभर डझनभर तबकड्या काढल्या. एका खानदानी गवयाचा दरबारी, दोन वादकांची जुगलबंदी, एक दुर्मीळ बीन, ठुमरीची एक, नाट्यपदांची एक, परदेशातल्या दोन, आणखीही अशाच काही. शेवटी एका फारशा नावाजल्या न गेलेल्या बाईंचा भूप त्यानं उगाच राहायला नको म्हणून ठेवला. मग एकेक लावत, कव्हर दाखवत, तो माहिती देऊ लागला. व्यापारी बिचारा प्रत्येक वेळी "वा, वा" म्हणत होता. गुरुजी भिंतीला टेकून स्वस्थ बसले होते.

सगळ्या थोड्या थोड्या वाजवून झाल्या. हेरंब तबकड्या पिशवीत भरू लागला, तेव्हा गुरुजी उठले. त्यांनी पिशवी घेतली, अकरा तबकड्या काढून पुन्हा खणात लावल्या आणि बाईंचा भूप तेवढा व्यापाऱ्याच्या हातात दिला.

"ही घेऊन जा, शेठ. रोज संध्याकाळी दोन्ही बाजू ऐका. दुसरी मागायला येऊ नका."

व्यापारी क्षणभर गोंधळला. मग त्यानं तबकडी कपाळाला लावली आणि जिना उतरला.

हेरंबाला हे मुळीच आवडलं नाही. पाहुण्यासमोर बोलणं बरं दिसलं नसतं, पण मनातून तो धुसफुसत होता. ज्याच्यापाशी जेमतेम वर्ष उरलंय त्याला एकच तबकडी? तीही अशी, की जी त्याच्या व्याख्यानात जेमतेम एका वाक्यापुरती येणार होती? गुरुजी वयानं थकले, आता त्यांना तबकड्या हातातून सोडवत नाहीत, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. असल्या शंका शिष्यांना येतातच. गुरूंनाही एके काळी आल्या असतील.

दोनेक महिने त्यानं धीर धरला. मग एका संध्याकाळी स्वतःच्या संग्रहातला दरबारी, बीन आणि जुगलबंदी घेऊन तो व्यापाऱ्याच्या घरी गेला. गुरुजींना विचारलं नाही. व्यापारी भूप ऐकत बसला होता. हेरंबानं पिशवी उघडली तसा त्यानं हातानंच थांबवलं. "थोडं थांबा, मास्तर. आता त्या वर जातील, आणि तिथं थोड्या रेंगाळतील." बाई वर गेल्या, रेंगाळल्या. व्यापारी लहान मुलासारखा हसला.

बाजू संपल्यावर हेरंब म्हणाला, "शेठ, याहून कितीतरी मोठं गाणं आणलंय. तुम्ही हे ऐकल्याशिवाय राहू नये."

"मोठं असेलच," व्यापारी म्हणाला. "पण ही अजून पुरती कळली नाही हो. काल दुसऱ्या बाजूला तबलेवाल्यानं काय गंमत केलीय ते पहिल्यांदा ध्यानात आलं. इतके दिवस जवळून जात होतो आणि दिसली नव्हती. तुम्ही रागावू नका, पण या परत न्या."

हेरंब रागावला नाही, दुखावला मात्र. तसाच तो गुरुजींकडे गेला आणि मनातलं सगळं बोलून टाकलं. "गुरुजी, माफ करा, पण तुम्ही त्या माणसावर अन्याय केलात. अख्खं वर्ष त्याच्यासाठी उघडता आलं असतं. तुम्ही एक फट ठेवलीत."

गुरुजींनी त्याला बसायला सांगितलं. म्हणाले, "अरे, त्या दिवशी तू बारा तबकड्या वाजवल्यास. तेव्हा तू काय बघत होतास?"

"मी माहिती देत होतो."

"तू कव्हरं बघत होतास. मी शेठची बोटं बघत होतो. तुझ्या दरबारीला त्यांनी मान डोलावली ती आपल्याला बरं वाटावं म्हणून. भूप लागला तेव्हा त्यांचं बोट गुडघ्यावर आपणहून चालू लागलं. ठोक्यांत वाढलेला माणूस आहे, लय त्याच्या हाडात आहे, फक्त तिच्यावर कधी गाणं बसलं नव्हतं. आणि अन्यायाचं म्हणशील, तर असं बघ. आपल्या दोघांना उद्या पुन्हा ऐकता येईल, म्हणून आपल्याला अर्धवट ऐकणं परवडतं. त्यांना परवडत नाही. कान मिटतील तेव्हा बाहेरून काही आत जाणार नाही. आत जे पोचलेलं असेल तेवढंच त्यांचं. बारा ऐकल्या असत्या तर 'ऐकल्या होत्या, छान होत्या' एवढं उरलं असतं. मला त्यांच्यापाशी गाणं उरायला हवं होतं."

हेरंबाला हे पटलं नाही. तो नमस्कार करून घरी गेला आणि व्याख्यानाच्या तयारीला लागला. मंडळाच्या अडचणींमुळे ते व्याख्यान लांबत लांबत पुढच्या वर्षावर गेलं.

मधल्या काळात डॉक्टरांचं म्हणणं खरं ठरलं. दिवाळी झाल्यावर हेरंब व्यापाऱ्याला भेटायला गेला. दार त्याच्या बायकोनं उघडलं. "या भाऊजी. त्यांना आता काही म्हणता काही ऐकू येत नाही," ती हळू आवाजात म्हणाली, आणि मग तिचं तिलाच हसू आलं, कारण हळू बोलायची गरज उरली नव्हती. "पण संध्याकाळ झाली की तबकडी लावतातच. सुई ठेवतात आणि डोळे मिटून बसतात. मीही ऐकते. मलाही येऊ लागलीय थोडी."

व्यापारी खुर्चीत डोळे मिटून बसला होता. भूप चालू होता. हेरंब समोरच्या कोचावर टेकला. ठेक्याबरोबर व्यापाऱ्याचा हात मांडीवर चालत होता आणि समेवर मान अलगद खाली येत होती. हेरंबाला वाटलं, तबकडीची थरथर लागत असेल खुर्चीला.

खिडकीतून अजून उजेड येत होता, तेवढ्यात वीज गेली. भारनियमनाचे दिवस होते ते, त्याचं कुणाला काही वाटत नसे. बाईंचा आवाज जड होत होत खर्जात गेला आणि थांबला. तबकडी उभी राहिली. व्यापाऱ्याची बायको त्याला सांगायला उठली, पण हेरंबानं तिला खुणेनं बसवलं.

व्यापाऱ्याचा हात थांबला नव्हता. तीच लय, तोच ठेका. मान समेवर येत होती. मधेच त्याच्या भुवया वर गेल्या, चेहऱ्यावर कौतुक पसरलं. बाईंनी एखादी अवघड जागा घेतली असणार. खोलीत चिटपाखराचाही आवाज नव्हता, आणि त्या माणसाचं गाणं बिनघोर पुढं चाललं होतं.

हेरंब त्याच्याबरोबर जाऊ पाहू लागला. आता बाई कुठं असतील? तान सुरू झाली का? की अंतरा यायचाय? त्याला ध्वनिमुद्रणाचं ठिकाण आठवलं, संवादिनीवाल्याचं नाव आठवलं, कव्हरवरचा जांभळा रंग आठवला. गाणं काही केल्या आठवेना. मग त्यानं मनातल्या मनात दरबारी आठवून पाहिला, जुगलबंदी आठवून पाहिली. सुरुवातीच्या चार-दोन आवर्तनांपलीकडे त्याच्यापाशीही काही नव्हतं, आणि त्याचे कान तर अगदी ठणठणीत होते. त्याला स्वतःची कीव आली.

बऱ्याच वेळानं व्यापाऱ्यानं डोळे उघडले. बाजू संपली होती, त्याच्यापुरती. समोर हेरंबाला पाहून त्याला आनंद झाला. तबकडी थांबलेली आहे हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. ती अलगद उलटून त्यानं सुई ठेवली, पुन्हा खुर्चीत येऊन बसला आणि हेरंबाला म्हणाला, "ऐका आता, मास्तर. ही बाजू फार सुंदर आहे."

"ऐकतो, शेठ," हेरंब म्हणाला, आणि वीज येईपर्यंत तो तिथंच, त्या हाताकडे बघत बसून राहिला.

पुढच्या महिन्यात श्रवण मंडळाचे कार्यवाह व्याख्यानाची तारीख पक्की करायला आले. त्या वर्षातल्या न चुकवण्यासारख्या तबकड्या किती निघतील, म्हणजे तेवढा वेळ ठेवायला, असं त्यांनी विचारलं.

"ते मला अजून सांगता येणार नाही," हेरंब म्हणाला. "एक ऐकतोय सध्या."