मानाचा पहिला पाट

वादळाने कोळीवाड्यातली वीज नेली त्याला दोन दिवस झाले होते. मच्छीमार सोसायटीच्या कचेरीत सोलरवर एकच प्लग चालत होता. यमुना नाखवाने त्यात चार्जरची माळ जोडली. पहिला डबा प्लगात, दुसरा पहिल्यात, असे सहा; प्लगात बसणारी पिन एकट्या पहिल्याला, आणि वीज साठवणारी बॅटरीही त्यातच.

पहिल्या डब्यावर चेअरमन कान्हाशेठनी आपला मोबाईल ठेवला. "मानाचा पहिला पाट माझा!" शेवटच्या डब्यावर होड्यांशी बोलायचा वायरलेस सेट होता. त्याची बॅटरी पार बसलेली, माळेच्या विजेवरच तो जिवंत होता. यमुनाचा नवरा अजून समुद्रात होता.

दुपारी चेअरमन उठले. "हा डबा घरी नेतो. फोन अर्धाच भरलाय."

यमुनाने माळेकडे पाहिलं. पहिला निघाला की मागचे पाचही मेले. अडवावं, तर उद्या हा माणूस होडीचं डिझेल रोखील. फोन लावून बसलेल्या बाकीच्या बायकांनीही माना खाली घातल्या.

तेवढ्यात तिला गेल्या महिन्यातली हळद आठवली. पंगतीतून मधेच उठलेल्या पाहुण्याला याच चेअरमननी साऱ्यांदेखत झापलं होतं.

"न्या की, शेठ," ती म्हणाली. "पण शेवटच्याचं जेवण व्हायचंय अजून. मानाच्या पाटावरचाच भरल्या पंगतीतून उठला, तर लोक काय म्हणतील?"

बायकांच्या माना वर झाल्या. चेअरमन डब्यावरचा हात काढून खाली बसले.

तासाभराने सेट खरखरला. "यमुने, बंदराला लागतोय गं."

यमुनाने डोळे पुसले आणि पाण्याचा तांब्या चेअरमनपुढे ठेवला.

"झाली पंगत, शेठ. आता हात धुवा."